आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ कॉल : सगळ्यांना आत कसे घ्यावे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या आजीला ऐंशी वर्षे आठ महिने पूर्ण होत आहेत आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर येणाऱ्या शनिवारी वाईच्या घरी तिचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले आहे. तिला आता गर्दी सोसत नाही, म्हणून प्रत्यक्ष घरात पंधरा माणसांपेक्षा जास्त नकोत असे तिनेच बजावून सांगितले आहे. बाकीचे नातलग पुणे, सांगली, ठाणे, पणजी, बंगळूर, न्यू जर्सी, लंडन आणि सिडनी असे विखुरलेले आहेत. सकाळी शांतिविधी होईल, परंतु संध्याकाळी साडेसहाला कणकेच्या दिव्यांनी जे औक्षण होणार आहे, त्या वेळी सर्वांनी एकाच व्हिडिओ कॉलवर असावे अशी तिची इच्छा आहे.

पाडव्याला आम्ही असा एक प्रयत्न केला होता आणि तो पार फसला. मी व्हॉट्सॲपवर चौघांना फोन लावला, त्या चौघांनी आपापल्या मर्जीने आणखी माणसे जोडली, कोण आत आहे आणि कोण नाही याचा कोणालाच पत्ता राहिला नाही. शेवटी धाकटे काका रुसले की, ‘मला कोणी घेतलेच नाही.’ नंतर पाहिले, तर त्यांच्या फोनवर रिंग गेली होती, पण फोन गच्चीत चार्जिंगला लावलेला होता.

या वेळी यादी केली आहे आणि ती ४६ जणांची भरली आहे. व्हॉट्सॲप ३२ जणांनाच घेते. मग गूगल मीट किंवा झूम वापरावे, तर आत्या आणि मोठे काका यांना लिंक उघडणे जमणार नाही. काय करावे?

तंत्रशंकर

ताई, आधी आपली यादी पुन्हा मोजा. मात्र या वेळी माणसे न मोजता फोन मोजा. ३२ ही मर्यादा चेहऱ्यांची नसून कॉलमध्ये शिरलेल्या खात्यांची आहे. ठाण्याच्या एका घरातील पाच जण एकाच फोनसमोर बसणार असतील, तर ती एकच जागा झाली. आपला स्वतःचा फोनही त्या ३२ मध्ये धरायचा, हे मात्र विसरू नका. म्हणजे बाहेरच्यांसाठी ३१ जागा उरतात.

तुलनेसाठी सांगतो. झूमच्या मोफत खात्यावर १०० जण येऊ शकतात, परंतु ४० मिनिटांनी बैठक संपते. गूगल मीटच्या मोफत खात्यावरही १०० जण येतात आणि तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटांची मर्यादा असते. व्हॉट्सॲपवर अशी वेळेची अट नाही. औक्षण म्हटले तरी प्रत्येक जण आजींशी दोन वाक्ये बोलणार, त्यामुळे चाळीस मिनिटे कशी सरली हे कळणारही नाही.

कृष्णाकाठ

फोन मोजले. सत्तावीस! हे मला सुचलेच नव्हते. म्हणजे व्हॉट्सॲपवर भागते. धन्यवाद.

परंतु आमचा कुटुंबाचा ग्रुप ६१ जणांचा आहे. त्या ग्रुपमधून कॉल लावला तर सर्वांना रिंग जाते का?

तंत्रशंकर

ग्रुप ३२ पेक्षा मोठा असेल, तर कोणाकोणाला फोन लावायचा ते निवडावे लागते. त्यापेक्षा मी असे सुचवीन की, या सत्तावीस फोनांचा एक वेगळा, तात्पुरता ग्रुप करा. त्याचे दोन फायदे आहेत. एक तर कॉल सुरू असताना जो उशिरा येईल, त्याला पुन्हा जोडण्याची गरज पडत नाही. २०२१ च्या जुलैपासून चालू असलेल्या ग्रुप कॉलमध्ये मागाहून स्वतःच शिरता येते, कॉलच्या यादीत तो चालू कॉल दिसतो आणि त्यावर बोट ठेवले की माणूस आत येतो. आपल्या काकांना हे ठाऊक असते, तर गच्चीतून आल्यावर ते आपले आपणच आले असते. दुसरे असे की, मुंबईच्या भाच्याने उत्साहाच्या भरात आपल्या चार मित्रांना आत ओढले, तर जागा त्यांनी अडवू नयेत, हे सर्वांना आधीच सांगता येते. कॉलमध्ये असलेला कोणीही दुसऱ्याला जोडू शकतो, म्हणून हे आधी सांगणे आवश्यक आहे.

निवृत्त_ट्रंकऑपरेटर

मी बत्तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, तेव्हा एका म्हाताऱ्याचे दोन शब्द ऐकावेत.

ट्रंक कॉलच्या, म्हणजे ऑपरेटरने जोडून दिलेल्या परगावच्या फोनच्या, काळात आमच्याकडे साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असत आणि त्यात पुन्हा पी. पी. कॉल असे. पी. पी. म्हणजे ‘पर्टिक्युलर पर्सन’: ज्याचे नाव सांगितले तीच व्यक्ती फोनवर आली, तरच बोलण्याचा आकार लागायचा. पुढे ज्यांच्या घरी फोन नसे ते शेजाऱ्याचा क्रमांक देऊन त्यापुढे कंसात पी. पी. लिहू लागले, आणि मराठी लग्नपत्रिकांमध्ये ते कितीतरी वर्षे छापले जात होते. सांगण्याचा मुद्दा असा की, माणसाला बोलावून घेणे आणि दार उघडे ठेवून ‘या’ म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तुमच्या व्हिडिओ कॉलमध्येही वेगळ्याच आहेत. चालू कॉलमध्ये नाव निवडून जोडलेत, तर समोरच्याच्या घरी घंटा वाजते. लिंक पाठवलीत, तर घंटा वाजत नाही, त्याला आठवणीने स्वतः उठून यावे लागते. सत्तरी ओलांडलेल्यांना घंटाच वाजवावी. आम्हांला हिरवे बटण दाबायचे ठाऊक असते. निळ्या अक्षरांवर बोट ठेवावे की न ठेवावे, याची आम्हांला भीती वाटते, कारण बँकेने आणि पोलिसांनी आम्हांला हेच शिकवले आहे की, आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका.

सावध_चावडी

ट्रंकऑपरेटर नानांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. व्हॉट्सॲपने २०२२ साली कॉलची लिंक करण्याची सोय दिली. तरुण मंडळींसाठी ती उत्तम आहे, परंतु लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला दार उघडे असते, हे लक्षात ठेवावे. ती सोसायटीच्या ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकू नये. २०२० च्या टाळेबंदीत झूमच्या बैठकांमध्ये अनोळखी लोक घुसून धुडगूस घालत होते, तो याच कारणाने. त्यानंतर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झूमने पासकोड आणि वेटिंग रूम या गोष्टी आपोआप चालू राहतील अशी व्यवस्था केली. वेटिंग रूम म्हणजे आपली ओसरी. पाहुणा तिथे थांबतो आणि यजमानाने घेतल्यावर आत येतो.

सहभागी जोडणे ही किती नाजूक गोष्ट असू शकते, याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. २०१९ च्या जानेवारीत ॲपलच्या ग्रुप फेसटाइममध्ये एक दोष उघड झाला. फोन करणाऱ्याने, समोरच्याने उचलण्याआधीच, त्याच कॉलमध्ये स्वतःचाच नंबर पुन्हा सहभागी म्हणून जोडला, तर कॉल सुरू झाला असे यंत्रणेला वाटे आणि समोरच्याने फोन उचललेला नसतानाही त्याच्या खोलीतला आवाज इकडे ऐकू येई. हा दोष अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या चौदा वर्षांच्या मुलाला, खेळासाठी मित्रांना कॉलवर जोडताना सापडला होता. ॲपलने ग्रुप फेसटाइमची सेवाच काही दिवस बंद ठेवली आणि फेब्रुवारीत सुधारणा दिली.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहतो. ताई, तंत्राच्या आधी घड्याळाकडे पाहा, नाहीतर जोडायला माणसेच नसतील. आपण म्हणता तो शनिवार फार विचित्र आठवड्यात येतो. ब्रिटनमध्ये घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, अमेरिकेत ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात आणि सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्याच रविवारी ती एक तास पुढे गेलेली असतात. त्यामुळे वाईला संध्याकाळचे साडेसहा वाजतील तेव्हा आमच्याकडे सकाळचे नऊ, लंडनला दुपारचा एक आणि सिडनीत बरोबर मध्यरात्र असेल. लंडनकर मंडळी सवयीने दोन वाजता येतील, आणि तोपर्यंत दिवे विझलेले असतील.

कृष्णाकाठ

अगदी बरोबर, मी लंडनला दोन वाजताच कळवले होते! औक्षण साडेपाचला घेता येईल का, हे गुरुजींना विचारले. त्यांची काही हरकत नाही. म्हणजे न्यू जर्सी सकाळी आठ, लंडन दुपारी बारा, सिडनी रात्री अकरा.

खमंग_फोडणी

आमच्या घरच्या बारशाचा अनुभव सांगते. पाळण्याजवळ एक फोन कॉलवर होता आणि स्वयंपाकघरातल्या जावेनेही आपल्या फोनवरून तोच कॉल घेतला. दोन्ही फोन एकाच घरात असल्याने असा काही कर्कश शिट्टीसारखा आवाज सुरू झाला की, बाळ दचकून रडू लागले आणि कुर्रर्र करण्याऐवजी सगळे ‘फोन बंद करा’ असे ओरडू लागले. एका फोनच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि पुन्हा फिरून येतो, त्याचा हा परिणाम. तेव्हा वाईच्या घरातून एकच फोन बोलता ठेवा. दुसरा कॅमेरा हवाच असेल, तर त्याचा माइकही बंद ठेवा आणि त्याचा आवाजही पूर्ण उतरवा. नुसता माइक बंद करून भागत नाही, कारण त्याच्या स्पीकरचा आवाज पहिल्या फोनला ऐकू जातोच.

आणखी एक. शुभेच्छा द्यायला लोक त्याच वेळी साधा फोन करतात आणि व्हिडिओ मधेच थबकतो. घरच्या वायफायवर असाल, तर फोन विमानाच्या मोडवर टाका आणि त्यानंतर वायफाय पुन्हा चालू करा. फोनमधले ‘वायफाय कॉलिंग’ बंद असेल, तर साधा फोन लागणार नाही, व्हिडिओ कॉल मात्र चालू राहील.

कृष्णाकाठ

विमानाच्या मोडची ही युक्ती लिहून ठेवली. तंत्रशंकर, एक विचारते. मर्यादा ३२ चीच का? आणि इतक्या जणांना जोडले तर आमच्या वाईच्या इंटरनेटला ते झेपेल का?

तंत्रशंकर

प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत साधी रचना अशी की, प्रत्येक फोनने आपले चित्र इतर प्रत्येक फोनला थेट पाठवायचे. चौघे असतील, तर प्रत्येक जण तिघांना पाठवतो, म्हणजे एकूण १२ प्रवाह झाले. आठ जण झाले की ५६. बत्तीस जण झाले की ९९२, आणि त्यांतील एकट्या आपल्या फोनला आपल्याच चित्राच्या ३१ प्रती वर पाठवाव्या लागतील. घरगुती जोडणीत वर पाठवण्याचा वेग बहुधा खाली घेण्याच्या वेगापेक्षा कमी असतो, त्यामुळे ही रचना चार-पाच माणसांतच गुदमरते.

म्हणून मोठ्या कॉलमध्ये मधे एक सर्व्हर असतो. आपला फोन आपले चित्र त्याला एकदाच देतो आणि तो बाकीच्यांना वाटतो. पोस्टमनने एकच पत्र नेऊन त्याच्या प्रती वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांत टाकाव्यात, तसे. यात आणखी एक शहाणपण करता येते. फोन आपले चित्र मोठे आणि लहान अशा दोन-तीन आकारांत पाठवतो आणि सर्व्हर ज्याच्या पडद्यावर आपण एवढ्याशा चौकटीत असू, त्याला लहान आकाराचे चित्र देतो. पूर्वीचे काही सर्व्हर सगळी चित्रे उघडून, त्यांचे एकच चित्र जुळवून पाठवत असत. परंतु कॉल दोन्ही टोकांपर्यंत कुलूपबंद ठेवायचा असेल, तर सर्व्हरने चित्र उघडून चालत नाही. त्याने लखोटा न फोडता तो पुढे सरकवायचा असतो. सिग्नल या ॲपने डिसेंबर २०२१ मध्ये ४० जणांपर्यंतचे ग्रुप कॉल सुरू केले, ते याच पद्धतीने.

आता मर्यादेबद्दल. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये ग्रुप कॉल आणला तेव्हा फक्त चौघे बोलू शकत, एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आठ झाले आणि पुढे ३२. अडचण केवळ पाठवण्याची नसते. आलेली तीसएक चित्रे उलगडून पडद्यावर मांडण्याचे काम आपल्या हातातल्या फोनलाच करावे लागते, तो तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. चार्जर लावूनच बसा. वाईच्या घरातून एकच चित्र वर जाणार असल्याने आपल्याकडचे वायफाय बरे असेल तर चिंता नाही, मात्र ज्या नातलगाची रेंज अगदीच क्षीण असेल, त्याने आपला कॅमेरा बंद ठेवावा.

निवृत्त_ट्रंकऑपरेटर

वाड्यातल्या बिऱ्हाडांमुळे मला नीट समजले. आमच्या बोर्डावर तिसऱ्या माणसाला जोडायचे म्हटले, तरी आवाज खोल जायचा. ताई, एकच सूचना. जोडण्याचे काम करणारा माणूस औक्षणात नसावा. ज्याच्या हातात ताम्हन, त्याच्या हातात फोन देऊ नये.

सावध_चावडी

आणखी एक खबरदारी. व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी क्रमांकांचे कॉल गप्प ठेवण्याची सोय २०२३ पासून आहे आणि पुष्कळ मुलांनी आपल्या आईवडिलांच्या फोनवर ती चालू करून ठेवलेली असते. फोन लावणाऱ्याचा क्रमांक त्यांच्याकडे साठवलेला नसेल, तर रिंग वाजणारच नाही आणि आपल्याला वाटेल की ते उचलत नाहीत. आणि भाऊबंदकीत कोणी कोणाला ब्लॉक केले असेल, तर त्या दोघांनी एकमेकांना जोडायला जाऊ नये, ते जमणार नाही. तिसऱ्याने दोघांना जोडले, तर मात्र ते एकाच कॉलमध्ये येऊ शकतात.

खमंग_फोडणी

शेवटची सोय कित्येक घरांत उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ

(समारंभानंतर दोन दिवसांनी)

मंडळी, पार पडले. वृत्तान्त द्यायचे कबूल केले नव्हते, पण तुम्हां सर्वांच्या भरवशावर हे झाले, म्हणून लिहिते.

जोडण्याचे काम माझ्या चुलत भावाकडे, प्रसादकडे दिले. नानांचे ऐकून त्याला ताम्हनापासून दूर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले. त्याच्या हाती छापील यादी होती. गुरुवारीच त्याने आपल्या क्रमांकावरून सर्व ज्येष्ठांना एकेक साधा फोन करून, ‘शनिवारी माझ्याच नंबरवरून घंटा वाजेल’ असे सांगितले आणि ज्यांच्याकडे त्याचा क्रमांक नव्हता, त्यांच्या मुलांकरवी तो साठवून घेतला. मोठ्या काकांच्या फोनवर अनोळखी कॉल गप्प ठेवलेले होतेच. सावध_चावडी, तुमची सूचना आली नसती, तर आम्ही त्यांनाच दोष दिला असता.

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही ग्रुपमधून कॉल लावला नाही, तर आधी फक्त सहा ज्येष्ठांना एकेक करून जोडले. प्रत्येकाला फोन कशाला टेकवून ठेवायचा, हे समजावण्यातच वेळ जातो. पहिली पाच मिनिटे मोठ्या काकांकडून आम्हांला केवळ छताचा पंखा दिसत होता. शेवटी काकूने फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला. सगळे स्थिर झाल्यावर प्रसादने तरुण मंडळींना ग्रुपवर कॉलची लिंक टाकून ‘आता या’ असे लिहिले आणि बाकीचे आपले आपण आत शिरले. रिंगांचा गोंगाट अजिबात झाला नाही. पाडव्याला सगळ्यांना एकदम बोलावले होते, आणि घोळ तिथेच झाला होता, हे आता लक्षात येते.

गुहागरजवळच्या गावी असलेल्या आत्याकडे स्मार्टफोन नाही. तिला आम्ही अक्षरशः पी. पी. ने जोडले. शेजारच्या मुलाचा फोन त्याने तिच्या ओटीवर आणून दिला, कारण घरात रेंज येत नाही. पाऊस नुकताच थांबला होता, पन्हळीचे पाणी ठिबकताना ऐकू येत होते. चित्र मधेमधे गोठत होते, म्हणून प्रसादने तिला कॅमेरा बंद ठेवायला सांगितले. तिने साफ नकार दिला. तिने आपले निरांजन लावून आणले होते आणि इकडे वन्सं दिवे ओवाळू लागल्या, तशी तीही तिकडे फोनपुढे निरांजन फिरवू लागली. ज्योत पडद्याच्या अगदी जवळ आली की सगळी चौकट पांढरी व्हायची आणि मागे गेली की तिचा चेहरा दिसायचा. आजीने चष्मा वर करून फोन हातात घेतला आणि म्हणाली, “अगं, पदर सांभाळ.”

एक चूक झाली. घरातला फोन विमानाच्या मोडवर होता, पण चार्जरची वायर आखूड निघाली आणि औक्षणाची जागा भिंतीपासून दूर होती. एक्स्टेन्शन बोर्ड शोधण्यात दोन मिनिटे गेली.

हडसनकाठी

वाचून समाधान वाटले. सिडनीचे लोक जागे राहिले का?

कृष्णाकाठ

राहिले, एक सोडून. सव्वासहाला सगळे निरोप घेऊन बाहेर पडले, तरी सिडनीची चौकट तशीच होती. तिकडे पावणेबारा झाले होते. फोन उशीला टेकवलेला, दिवा चालू आणि पुतण्या गाढ झोपलेला. आजीने प्रसादला फोन बंद करू दिला नाही. सिडनीतली सूनबाई खोलीत येऊन दिवा मालवेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत बसली होती.